एक फोन जास्त

नवीन आयफोन मिळणार, तोही फुकट, हे ऐकल्यावर माणसं टाळ्या वाजवतील अशी माझी समजूत होती. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळ्या मेकॅनिकना जमवून मी ही बातमी दिली. मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

"मॅडम, का?"

कोणी हसलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"का म्हणजे?"

"म्हणजे जुने फोन चाललेत की. मागच्या वर्षी आम्ही रेनकोट मागितलेले, ते दिले नाहीत. आणि आता एकदम आयफोन?"

मी रात्रंदिवस खपून तयार केलेल्या स्लाइडमध्ये ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मी लिफ्ट बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एका कंपनीत सव्वीस वर्षं काढली. लिफ्टमधलं मला आजही फारसं कळत नाही. माझं खातं कॉम्प्युटरचं आणि नंतर नंतर मोबाइलचं. आमचे मेकॅनिक मुलुंडच्या हद्दीपासून टिटवाळ्यापर्यंत पसरलेले. कुठल्या इमारतीत लिफ्ट अडकली की तक्रार मेकॅनिकच्या फोनवर जायची, तो जाऊन दुरुस्ती करायचा, फोटो काढून ॲपमध्ये टाकायचा. त्या फोनमध्ये आणखीही बरंच काही असायचं. सेक्रेटरीचा नंबर, गच्चीची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते, वॉचमन दुपारी किती वाजता जेवायला जातो. शेकडो इमारतींची ही माहिती मेकॅनिकच्या खिशातून फिरत होती, आणि ते अँड्रॉइड फोन इतके जुने झालेले की त्यांना सुरक्षेचे नवे अपडेट येणंच बंद झालं होतं. घराचं कुलूप गंजलं की बदलतात, तेवढंच कारण होतं. पण ते सांगितल्यावरही कँटीनमधले चेहरे बदलले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फोन बदलायचा म्हणजे सिम काढून दुसऱ्यात घालायचं. एका माणसाचं तसं असतं. दोनशे बारा माणसांचं तसं नसतं. अँड्रॉइडमधली प्रत्येक गोष्ट आयफोनमध्ये जशीच्या तशी जात नाही. काही ॲप तिकडे वेगळी वागतात, बँकांचे ओटीपी अडतात, जुन्या गप्पा मागे राहतात. त्यात कंपनीचं काय आणि त्या माणसाचं घरगुती काय, हे वेगळं करावं लागतं. कंपनीचं नव्या फोनमध्ये कुलूपबंद कप्प्यात जातं, घरचं ज्याचं त्याने न्यायचं. शेवटी जुना फोन आतून पूर्ण पुसायचा. हे पुसणं सगळ्यात महत्त्वाचं. न पुसलेला फोन भंगारात गेला, तर त्याच्याबरोबर त्या शेकडो किल्ल्याही जातात.

ह्या सगळ्या काळात माझ्या केबिनमध्ये जी माणसं आली ती पाहता, पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटायचं. एक वयस्क मेकॅनिक नवा फोन घरी नेताना ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा. त्याच फॉइलमध्ये सकाळी त्याच्या पोळ्या यायच्या. "रात्री ऐकतो तो," मला म्हणाला. मी त्याला समोर बसवून कंपनीला काय दिसतं ते सगळं दाखवलं. कुठली ॲप घातलीत ते दिसतं, फोन हरवला तर शोधता येतो, लांबून पुसता येतो. मेसेज दिसत नाहीत, बोलणं ऐकू येत नाही, फोटो दिसत नाहीत. त्याने सगळं शांतपणे बघितलं आणि जाताना फॉइल परत गुंडाळलं. दुसरी एक बाई आली, आमच्या एका सुपरवायझरची बायको. "फक्त मागच्या मंगळवारचं सांगा," म्हणाली, "ते खरंच उल्हासनगरला होते का." मी म्हटलं, कोण कधी कुठे होता ते साठवलं जात नाही, मला दिसत नाही. तिचा विश्वास बसला नाही. उलट मी त्याच्या बाजूची आहे, असा संशय घेऊन ती गेली.

पण सगळ्यात मोठा संशय वरच्या मजल्यावर बसला होता. आमचे संचालक वैद्यसाहेब तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"शुभदाताई, ह्या नव्या फोनमध्ये त्यांचे मेसेज दिसतील का आपल्याला?"

"नाही."

"पण दिसावेत असं करता येतं का?"

कारण मला ठाऊक होतं. तीन महिन्यांपासून आमच्याकडची माहिती बाहेर जात होती. वर्तकनगरमधल्या एका सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच एका कंपनीचा माणूस सेक्रेटरीच्या दारात हजर. "तुमच्या दरवाज्याचा सेन्सर गेलाय ना? त्यांच्याकडे तो शिल्लक नाहीये. आठवडा लागेल." आमच्या स्टोअरमध्ये सेन्सर शिल्लक नाही हे खुद्द सेक्रेटरीला माहीत नव्हतं. ते फक्त आमच्या मेलमध्ये होतं. असं चार ठिकाणी झालं, आणि चारही सोसायट्या आम्हाला सोडून गेल्या.

"जुने फोन पुसण्याआधी सगळ्यांची एकेक कॉपी काढून ठेवा," वैद्यसाहेब म्हणाले. "घरचं-कामाचं सगळं. चोर सापडला की टाकून देऊ."

"लेखी द्या," मी म्हटलं.

लेखी आलं नाही, कॉपी निघाली नाही. ह्याचा मला अजून अभिमान आहे. पण तो इथेच थांबवते, कारण त्यानंतर मी जे केलं ते लेखी न मागताच केलं.

फोन बदलायच्या आधी मोजणी करावी लागते. कंपनीच्या कुठल्या खात्याला किती फोन जोडलेत त्याची यादी काढायची आणि आपण दिलेल्या फोनशी ताडून बघायची. आमचं 'सर्व्हिस' नावाचं एक सामाईक मेलचं खातं होतं. सगळ्या तक्रारी, स्टोअरमधला साठा, सगळं त्यात यायचं. सुपरवायझर आणि जुने मेकॅनिक मिळून एकवीस जणांना ते फोनवर दिलेलं. सगळ्यांना एकच पासवर्ड. यादीत फोन निघाले बावीस.

मी परत मोजले. बावीसच. जास्तीचा फोन कंपनीचा नव्हता. कोणाचा तरी खाजगी अँड्रॉइड होता. यादीत त्याचं मॉडेल होतं, एक लांबलचक क्रमांक होता, आणि तो रोज सकाळी न चुकता मेल उघडत होता.

त्याच आठवड्यात फोन बदलायची पहिली बॅच होती. बारा जण आले, अकरा जणांनी जुने फोन टेबलावर ठेवले. बारावा मिलिंद सोनवणे. पंधरा वर्षांचा जुना मेकॅनिक, डोंबिवली पूर्वेचा भाग सांभाळायचा. कमी बोलणारा.

"मी फोन देणार नाही, मॅडम."

"का रे? नवीन मिळतोय ना."

"नवीन द्या. जुना देणार नाही. माझं काम आहे त्यात."

"काय काम?"

त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या सामंतांकडे बघितलं. सामंत आमचे सर्व्हिस मॅनेजर. "आहे काम," एवढंच म्हणाला. तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशात दुसरा फोन वाजला आणि त्याने तो काढून बंद केला. मी मॉडेल ओळखलं. यादीतलंच होतं.

मी वर गेले आणि वैद्यसाहेबांना सांगितलं. "शक्यता आहे" असं म्हटलं, ते मला स्पष्ट आठवतं. पण शक्यता जिना उतरेपर्यंत खात्री झालेली असते. दुपारी सामंत कँटीनमध्ये म्हणाले, "सापडला. मला आधीपासूनच वाटत होतं. हे लोक..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी चहाचा घोट घेतला. त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळला होता. मलाही. मी गप्प बसले.

मिलिंदला फिल्डवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, चौकशी होईपर्यंत. त्याच्यासोबत डबा खाणारे उठून दुसऱ्या टेबलावर जायला लागले. त्या मॉडेलचा फोन त्या एकवीस जणांपैकी आणखी तिघांकडे होता, हे मला नंतर लक्षात आलं. त्यांची नावं मला तेव्हा आठवलीच नाहीत. का आठवली नाहीत, ह्याचा विचार मी निवृत्त झाल्यावर जास्त केला.

पुढच्या रविवारी मी आंबिवलीला त्याच्या घरी गेले. मी ठाकुर्लीला राहते, फार लांब नाही. सामंत समोर नसताना बोलेल, फोन देईल, कदाचित कबूलही करेल, असं मनात होतं. पर्समध्ये यादीची प्रत ठेवलेली.

स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते त्याच्या बायकोने, करुणाने. ती जवळच्या शाळेत गणित शिकवते. मी नाव सांगितलं तशी ती दारातून बाजूला झाली, पण हसली नाही.

"बसा. आधी चहा घ्या, मग आरोप करा."

मिलिंद आतून आला. "अगं..." म्हणाला, तर तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. टीव्हीशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, खाली मुलीची वह्या-पुस्तकं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, आणि आमचं बोलणं ऐकत होती हे उघड होतं.

करुणा समोर बसली. "मला एक सांगा मॅडम. तुम्ही फोन पुसता, त्यानंतर त्यातलं परत आणता येतं का?"

"नाही. म्हणूनच तर पुसतात."

"मग उद्या ह्यांना कोणी विचारलं, की तू वेळेवर सांगितलं होतंस का, तर हे काय दाखवणार?"

"कशाबद्दल सांगितलं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मिलिंदने कपाटातून कंपनीचा जुना फोन आणला, माझ्या हातात दिला नाही, स्वतःच धरून एकेक फोटो दाखवायला लागला.

डोंबिवली पूर्वेची सात मजली सोसायटी. मशीनरूममधला लिफ्टचा लोखंडी दोर. लिफ्ट एका दोरावर नसते, चार-पाच असतात, आणि प्रत्येक दोर बारीक तारा पिळून केलेला असतो. पहिल्या फोटोत एका दोराच्या दोन तारा तुटून काट्यासारख्या बाहेर आलेल्या. दोन महिन्यांनंतरच्या फोटोत दोन दोर तसे. शेवटच्या फोटोत मला तारा मोजता येईनात.

"मी तीनदा तक्रार टाकली, मॅडम. तिन्ही वेळा 'काम पूर्ण' म्हणून बंद झाली. मी काम केलंच नाही, तर पूर्ण कोणी केलं?"

"बंद कोण करतं?"

"सामंतसाहेबांच्या लॉगिनमधून होते. त्यांना विचारायला गेलेलो, तर म्हणे दोर मागवलाय, येईल, तू बोंबलू नको. पाच महिने झाले." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "मशीनरूममध्ये कार्ड असतं. दर महिन्याला त्याच्यावर सही माझी. उद्या वर काही झालं, तर पोलीस कार्ड बघणार. तिथे सामंत नाही लिहिलेलं. आणि तेवढ्यात तुम्ही म्हणता फोन द्या, पुसायचाय. पहिल्या बॅचमध्ये माझं नाव कोणी टाकलं, सांगा ना."

बॅचची यादी माझ्याकडे सामंतांकडून आली होती. मी ते बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सर्व्हरवर असतील ना फोटो," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच थांबले. बंद झालेल्या तक्रारीचे फोटो साठ दिवसांनी सर्व्हरवरून आपोआप उडत. हा नियम जागा वाचवायला मीच लावला होता, आणि तिन्ही तक्रारी त्याहून जुन्या होत्या. म्हणजे ह्या माणसाने जपलेला फोनच तेवढा पुरावा होता, आणि तो पुसून टाकायला मी स्वतः त्याच्या दारात आले होते.

"तुझा दुसरा फोन दाखवतोस?"

त्याने निमूट दिला. त्यातही तेच फोटो होते, जपून ठेवलेली दुसरी प्रत, पण तक्रारी कधी टाकल्या त्याची नोंद मात्र जुन्या फोनमध्येच. कंपनीचे फोटो खाजगी फोनमध्ये ठेवायला सक्त मनाई होती. तो नियमही माझाच. मी त्याबद्दल अक्षर काढलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्याचा क्रमांक काढला, पर्समधली यादी काढली आणि शेवटचे चार आकडे ताडले. जुळले नाहीत. पूर्ण क्रमांक पहिल्यापासून वाचला. काहीच जुळत नव्हतं.

हे दोन मिनिटांचं काम होतं. ते मी त्या दिवशी टेबलावरच करू शकले असते.

"सापडला का चोर?" करुणाने विचारलं.

"नाही."

"मग आमच्याकडे का शोधायला आलात?"

मी यादीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. चहा तसाच राहिला.

तिथूनच मी वैद्यसाहेबांना फोन लावला. त्या सोसायटीची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करायला हवी, म्हटलं. "सामंतांना विचारतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "सामंतांना नंतर विचारा. मी फोटो पाठवते, ते बघा आधी." मिनिटभराने त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता. "बंद करा."

मिलिंदने चप्पल घालायला सुरुवात केलीच होती. त्याला फिल्डवर जायची परवानगी नव्हती, हे त्याच्याही लक्षात आलं असणार, पण तो थांबला नाही. आम्ही दोघं एकाच रिक्षाने डोंबिवलीला गेलो. वाटेत मला सारखं वाटत होतं की आपण पोचण्याआधीच काहीतरी झालेलं असणार.

झालं नव्हतं. खालच्या मजल्यावर लिफ्टपाशी चार माणसं उभी होती. मिलिंद जिन्याने सात मजले चढून वर गेला, मेन स्विच पाडला, आणि खाली येऊन दारावर पाटी लावली. लगेच गलका. रविवार होता, कोणाकडे पाहुणे, कोणाची आई गुडघ्याच्या ऑपरेशनची. सोसायटीचे सेक्रेटरी लुंगीवरच खाली आले आणि मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे नाचवला. "हे बघा, तुमच्याच कंपनीचा मेसेज. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' निवारण झालंय ना? मग बंद कशाला करता?"

"काका, वर चला माझ्याबरोबर," मिलिंद म्हणाला. "स्वतः बघा."

सेक्रेटरी धापा टाकत चढले. मी मागून. मशीनरूममध्ये मिलिंदने टॉर्च धरला. दोराला लागलेल्या ग्रीसमधून तुटक्या तारांची टोकं चमकत होती. सेक्रेटरींनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"परवा नातीचा वाढदिवस झाला माझ्या," ते म्हणाले. "गच्चीवर केलेला. तीस-चाळीस पोरं होती. दिवसभर वर-खाली करत होती लिफ्टने."

मिलिंदने टॉर्च बंद केला.

दोर चार दिवसांत बसले. पाच महिने जे येत नव्हते ते कुठून आले, हे मला कोणी सांगितलं नाही.

आता तो बाविसावा फोन. सोमवारी सकाळी मी 'सर्व्हिस' खात्याचा पासवर्ड बदलला. पाच वर्षांत पहिल्यांदा. इतके दिवस का बदलला नव्हता? बदलला की एकवीस जणांचे फोन येतील आणि माझा अर्धा दिवस जाईल म्हणून. आले. दुपारपर्यंत सगळे एकवीस जण ओरडले, मेल चालत नाही म्हणून. मिलिंदही. ज्याला हक्क नव्हता त्याचा फोन अर्थातच आला नाही. पण त्याचा मोबाइल जुना पासवर्ड घेऊन दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावत होता, ते मला माझ्या स्क्रीनवर दिसत होतं.

मग मी तो लांबलचक क्रमांक माझ्याच जुन्या मेलमध्ये शोधला. कुठे सापडणार, असं वाटलं होतं. एका सेकंदात सापडला. लॉकडाऊनच्या काळात महाडिक नावाच्या आमच्या एका सुपरवायझरने अर्ज केला होता, कंपनीचा फोन बिघडलाय, दुकानं बंद आहेत, माझ्या खाजगी फोनवर मेल द्या. खाली फोनचा क्रमांक. त्याखाली उत्तर: "मंजूर. शुभदा."

महाडिक दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेले होते. ते गेले त्या दुपारी मी त्यांचा कंपनीचा फोन परत घेतला, त्यांचं स्वतःचं खातं बंद केलं आणि फॉर्मवर सही केली. सामाईक खात्याची आठवणच झाली नाही. ते कुठल्या कंपनीत गेले हे सगळ्यांना माहीत होतं. वर्तकनगरच्या सेक्रेटरीच्या दारात जिचा माणूस उभा होता, तिथेच.

मी त्यांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला.

"महाडिक, आमचं मेल अजून बघताय तुम्ही."

"हो," ते म्हणाले. शांतपणे. "मॅडम, मी काही चोरलं नाही. तुम्ही दिलेलं, तुम्ही काढलं नाहीत. मेल यायचे."

"आणि मग तुमचा माणूस सोसायटीत जायचा."

"आता मेल समोर आलाच, तर डोळे मिटून बसायचं का?"

वीस वर्षं एकत्र काम केलेला माणूस. माझ्या आईच्या आजारपणात दोनदा हॉस्पिटलमध्ये येऊन बसलेला. मी फोन ठेवला आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की गळती सामाईक खात्यातून झाली, खातं चालू राहण्याला आणि पासवर्ड न बदलण्याला जबाबदार मी, आणि मिलिंद सोनवणे यांच्यावर संशय घेण्यास कसलाही आधार नव्हता, तो संशय मी पुरेशी तपासणी न करता व्यक्त केला. वैद्यसाहेबांनी वाचलं. "तुमच्याबद्दलची ही दोन वाक्यं काढली तरी चालेल, शुभदाताई."

"असू देत."

मला ताकीदपत्र मिळालं. सामंत दोन महिन्यांनी राजीनामा देऊन गेले. जाताना माझ्याकडे येऊन बसले. दोर खरंच मागवलेला, म्हणाले, पण उघड्या तक्रारींचा आकडा दर आठवड्याला वर दाखवावा लागायचा, मी काय करणार. बॅचच्या यादीत मिलिंदचं नाव मुद्दाम पहिलं घातलं का, हे मी त्यांना सरळ विचारलं. "योगायोग हो," म्हणाले. असेलही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिलिंदची माफी कंपनीने जाहीरपणे मागावी, असं मी वैद्यसाहेबांना म्हटलं. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा दिला, फिल्डवर परत पाठवलं, एवढंच. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून बोलले. मिलिंदवर आळ आला तो माझ्या चुकीमुळे, माहिती त्याने दिली नव्हती, आणि त्याने दोराचं लावून धरलं नसतं तर आज आपण सगळे कोर्टात असतो. टेबलांवर सगळ्यांच्या माना डब्यात. मिलिंदने घास संपवला, पाणी प्यायला.

"ठीक आहे, मॅडम," म्हणाला.

नंतर जुने सोबती त्याला डबा घेऊन आपल्या टेबलावर बोलवायला लागले. तो गेला नाही. एकटाच बसायचा, आता स्वतःच्या मर्जीने.

नियम मी बदलले. तक्रारीचे फोटो आता उडत नाहीत, आणि ज्याने काम केलं त्या मेकॅनिकने स्वतः दुजोरा दिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. मिलिंदचे सगळे फोटो तारखांसकट आमच्याकडे जमा करून घेतले आणि तशी सहीशिक्क्याची पोच त्याला दिली. मगच त्याने जुना फोन दिला. दोनशे बारातला शेवटचा. तो पुसला जाईपर्यंत माझ्या टेबलापाशी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला बरेच मेकॅनिक आले, फॉइलवाले आजोबाही आले. मिलिंद आला नाही. मी वाट बघितली हे खरं.

ह्या ऑगस्टमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"करुणा सोनवणे बोलतेय. आंबिवलीहून."

मी उभीच राहिले.

"मुलगी इंजिनिअरिंगला लागली. कॉलेज टॅबलेट देतंय. त्याच्याबरोबर सहीसाठी फॉर्म दिलाय, सात पानी. हे म्हणाले, मॅडमना विचार."

"मिलिंद म्हणाला?"

"हो. आणि गैरसमज नको, मॅडम. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नाही विचारत. असल्या कागदात कुठे काय लपवतात ते तुम्हाला माहीत असतं, म्हणून विचारतेय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "वाचा पहिल्यापासून. एकही ओळ सोडू नका."

ती वाचत गेली, गणिताच्या बाईंसारखी, एकेक शब्द सुटा करून. मी प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत गेले. तिसऱ्या पानावर ती थांबली. टॅबलेट कुठे आहे हे कॉलेजला चोवीस तास कळेल, सुट्टीतही, असं तिथे लिहिलेलं.

"हे कशाला हवंय त्यांना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "हरवला तर शोधायला, असं सांगतील. पण त्यासाठी चोवीस तास लागत नाही. कॉलेजात जाऊन विचारा. पटण्यासारखं उत्तर मिळेपर्यंत सही करू नका."

पलीकडे पेन्सिलीने खूण केल्याचा आवाज आला. मग ती कोणाला तरी म्हणाली, "अहो, ऐकताय ना?" आणि लांबून मिलिंदचा आवाज आला, "ऐकतोय. पुढचं वाच."